वगळलेलं वजन

धारवाडहून आलेला फोन पद्मजा मगदूमने मंगळवारी दोनदा घेतला नाही. २०४३चा फेब्रुवारी होता, सांगलीत नवी हळद उतरत होती आणि सहामाही थेंब केंद्राच्या खिडकीशी सकाळपासून चाळीसेक माणसं उभी होती. बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तोच नंबर पुन्हा वाजला, तेव्हा तिने हातमोजा काढून फोन कानाला लावला.

"मगदूम मॅडम का? मी शरावती हिरेमठ. धारवाडच्या थेंब केंद्रातनं बोलते. तुमच्यासारखंच मशीन आहे की आमच्याकडं, ते मी चालवते."

"बोला."

"त्रिशला चौगुले, वय एकोणसाठ. पेशंट तुमच्या केंद्राच्या. इथं मुलाकडं आल्यात, म्हणून ह्या खेपेचा थेंब त्यांनी आमच्याकडं दिला. त्याचा अहवाल लाल आलाय."

त्रिशला चौगुले पद्मजाची सख्खी थोरली बहीण होती.

सात वर्षांपूर्वी अक्काचं बीजाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. त्याच वर्षी देशात सहामाही थेंब योजना आली. कर्करोगातून उठलेल्या प्रत्येकाने सहा महिन्यांनी बोटाला सुई टोचून कागदी कार्डावर रक्ताचे चार थेंब द्यायचे, आणि आजार परत येतोय का हे केंद्राने सांगायचं. अक्काचं कार्ड आजवर चौदा वेळा मशीनवर गेलं होतं. चौदाही वेळा पद्मजाने 'निरंक' असा अहवाल सही करून तिच्या हातात दिला होता.

"ऑगस्टात त्या निरंक होत्या," पद्मजा म्हणाली. "तुमच्याकडं कार्ड खराब झालं असेल."

"मलापण तसंच वाटलं. म्हणून परत लावलं. मग दुसऱ्या थेंबावर लावलं. काल तुम्ही फोन घेतला नाही, तवा वेळ होता म्हणून तिसऱ्यावर लावलं. मॅडम, माझं चुकत असेल तर बरंच आहे. पण ऑगस्टातलं कार्ड तुम्ही एकदा बघा की."

फोन ठेवताना पद्मजाला तिचा थोडा रागच आला होता.

थेंब केंद्रातल्या त्या मशीनला सांगलीकर 'काटा' म्हणत. शास्त्रीय नाव मास स्पेक्ट्रोमीटर; पण हळदीच्या गावात वजन करणाऱ्या वस्तूला दुसरं नाव चिकटणं शक्य नव्हतं. हा काटा रेणूंचं वजन करतो. रक्ताच्या थेंबातले रेणू विजेने भारून निर्वात पोकळीत सोडायचे. हलका रेणू आणि जड रेणू तिथे वेगवेगळे वागतात, आणि त्यावरून प्रत्येकाचं वजन कळतं. एका थेंबात असे हजारो रेणू असतात. त्यात प्रथिनं असतात, चरबीचे रेणू असतात, साखर वापरून झाल्यावर पेशीने टाकलेला गाळ असतो. कर्करोगाची पेशी अधाशी असते. ती वेगळं खाते, म्हणून वेगळं टाकते. गाठ स्कॅनमध्ये दिसण्याएवढी मोठी होण्याच्या कितीतरी महिने आधी तिचं उष्टं रक्तात सापडू लागतं.

पण नुसतं वजन पुरत नाही. दोन निराळ्या रेणूंची वजनं जवळजवळ सारखी असू शकतात. म्हणून काटा आधी सगळ्यांची हजेरी घेतो आणि मग त्यातले निवडक रेणू मोडून तुकड्यांची वजनं करतो. मार्केट यार्डातला खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलत नाही, तसंच हे. मात्र एका थेंबाला वीसच मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात सगळं मोडून होत नाही. कुठला रेणू मोडायचा आणि कुठला सोडायचा, हे काट्याला कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं.

सांगलीच्या काट्याला ते पद्मजाने सांगितलं होतं.

दुपारी अक्काचाच फोन आला. मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं. अक्काला दोन महिन्यांपूर्वी नात झाली होती.

"पद्मा, इथली ती पोरगी घरापर्यंत आली होती बघ. म्हणते, अक्का, स्कॅन करून घ्या. डॉक्टरलापण सोबत घेऊन आलेली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, खरं असलं तर आत्ता बारीक असंल, एका जागी असंल, काढता येईल. पसरलं तर मग काही हातात नाही. मी म्हटलं, माझी बहीण सांगलीत तेच मशीन चालवते. तिनं सांगितलंय मी बरी आहे. मग झालं की."

"अक्का, स्कॅन करून टाक ना. काय जातंय?"

"काय जातंय? सात वर्षांपूर्वी त्या नळीत घातलं होतं, तवापासनं लिफ्टमध्ये जायला भीती वाटते मला. आणि स्नेहल ओली बाळंतीण. तिला काय सांगू, सासूला परत झालंय म्हणून?" अक्काचा आवाज खाली आला. "तू सांग. तुझ्या मशीनचं चुकलंय का? तू हो म्हण, मी आत्ता जाते. नाहीतर रविवारी घरला येते. सीझन आहे, पॉलिशचा ड्रम बंद पडलाय माझा."

"उद्या सांगते," पद्मजा एवढंच बोलली.

वडील गेले तेव्हा अक्का अठरा वर्षांची होती. कॉलेज सोडून तिने हळद पॉलिश करायचा ड्रम हाती घेतला आणि धाकटीला रसायनशास्त्रात एमएस्सी करायला कोल्हापूरला ठेवलं. हे उपकार होते असं अक्का कधी म्हणाली नव्हती. पद्मजाच्या शब्दावर तिचा विश्वास होता, एवढंच.

साडेतीन वाजता खिडकी रिकामी झाली. पद्मजाने ऑगस्टच्या कार्डाची मूळ नोंद उघडली. केंद्राचा दुसरा तंत्रज्ञ इम्तियाज मुजावर शेजारी येऊन बसला.

"काय शोधताय मॅडम?"

"तीनशे एकोणसत्तर पूर्णांक पस्तीस."

शरावतीने फोन ठेवताना सांगितलेलं वजन ते होतं. हा एक चरबीचा रेणू. बीजाशयाचा आजार उलटला तर तो रक्तात आधी दिसतो असं संशोधनातून निघालं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी मुख्य केंद्राने त्याचा समावेश तपासणीत केला होता.

हजेरीच्या आलेखावर तीनशे एकोणसत्तरला एक उंचच उंच रेघ होती. ती पूर्णांक तेरावर होती. तिच्या उजव्या अंगाला, केसाएवढी, दुसरी रेघ. पूर्णांक पस्तीसवर.

"आहे की हो," इम्तियाज म्हणाला. "मग काट्यानं मोडून का बघितली नाही?"

रेघेखाली यंत्राने कारण लिहून ठेवलं होतं: वगळयादी, नोंद पहिली.

ती नोंद पद्मजाची होती.

केंद्र सुरू झालं त्या पहिल्या हंगामात हळदीने त्यांना रडकुंडीला आणलं होतं. खिडकीशी येणारी निम्मी माणसं यार्डातली किंवा हळदीच्या शेतातली. त्यांची बोटं कितीही धुतली तरी पिवळीच राहायची. सुई टोचली की रक्ताबरोबर हळद कार्डावर उतरायची. हळदीचा पिवळा रेणू भरतो तीनशे एकोणसत्तर पूर्णांक तेरा. काटा वीसपैकी कितीतरी मिनिटं बिचारा हळदच मोडत बसायचा. तेव्हा पद्मजाने यंत्राला लिहून दिलं की तीनशे एकोणसत्तरच्या आसपास अर्ध्या एककात जे येईल ते हळद समजावं, मोडू नये. एका दिवसात अहवाल स्वच्छ झाले. पुण्याच्या परिषदेत तिला त्याबद्दल शाबासकी मिळाली होती.

पाच वर्षांनी नवा रेणू तपासणीत आला, आणि तो नेमका त्या अर्ध्या एककाच्या आत पडला. मुख्य केंद्राने काट्याची परीक्षा घेण्यासाठी नमुना पाठवला होता. त्या नमुन्यात हळद नव्हती, म्हणून पद्मजाने त्याच्यापुरती वगळयादी बंद ठेवली. काटा उत्तीर्ण झाला. दुसऱ्या दिवशी तिने यादी पुन्हा चालू केली. पूर्णांक तेरा आणि पूर्णांक पस्तीस ही दोन वजनं शेजारी मांडून बघायचं दोन वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही.

"फ्रीजरमधनं कार्डं आण," ती म्हणाली. "अक्काची मागची चार."

वगळयादीतली ती नोंद काढून त्यांनी चारही कार्डांचे राखून ठेवलेले थेंब काट्यावर लावले. पहिल्या तीन कार्डांत काही नव्हतं. ऑगस्टच्या कार्डातली केसाएवढी रेघ काट्याने मोडली, तुकड्यांची वजनं केली आणि पडद्यावर तांबडी खूण आली.

"म्हणजे सहा महिने," इम्तियाज हळूच म्हणाला.

"सहा महिने."

केंद्रप्रमुख डॉ. उमराणी चहा घेत होते. पद्मजाने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि जुनी फाईल मागवली.

"यादीवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"आणि खाली मंजुरीची?"

"तुमची."

"मग दोघंही बसू या." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "दोन वर्षांत असे किती?"

"हा रेणू ज्यांच्यात बघायचा असतो, अशा बायका एक हजार आठशे चौसष्ट. कार्डं सगळी शिल्लक आहेत. प्रत्येकीचं शेवटचं परत लावायला सव्वा महिना लागेल."

"सगळं लावून होऊ दे, मग सांगू या? उगीच अठराशे घरांत घबराट."

"सर, त्या महिन्याभरात कुणीतरी दुसरीकडचा अहवाल खोटा ठरवील. माझी बहीण आत्ताच ठरवतेय, माझ्या भरवशावर."

डॉ. उमराणींनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरं. नोटीस आजच काढतो. तुमचं नाव घालू का नको?"

"घाला. लोक खिडकीवर येऊन मलाच विचारणार आहेत."

गुरुवारी सकाळच्या गाडीने ती मिरजेहून धारवाडला गेली. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. अक्का ओसरीत पाय पसरून नातीला तेल लावत होती. बहिणीला दारात बघून तिने आधी सुनेला हाक मारली, "स्नेहल, बाळाला घे गं जरा," आणि मग म्हणाली, "चुकलंय होय?"

"माझं चुकलंय. मशीनचं नाही."

पद्मजाने सांगितलं. प्रवासात तिने वाक्यं ठरवून ठेवली होती, त्यातलं एकही धड आलं नाही. अक्का शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हणजे माझ्या हाताच्या हळदीनं केलं हे?"

"हळदीचा काही दोष नाही. मी वगळायची पट्टी रुंद ठेवली. अरुंद ठेवली असती तर हळद तेवढी गाळली गेली असती आणि हे दिसलं असतं."

"किती रुंद?"

"अर्धा."

"अर्धा काय? अर्धा किलो?"

"हायड्रोजनचा एक अणू असतो ना, त्याच्या वजनाचा अर्धा."

अक्का तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "अगं, बाजारात पोत्यामागं किलो-किलो मारणारी माणसं बघितलीत मी. कुणी कधी रडत धारवाडला आलं नाही."

"अक्का, हसू नको. सहा महिने गेलेत."

"गेलेत तर गेलेत. राग येईल मला, येणार नाही असं नाही. एखाद्या दिवशी चांगलं फाडून बोलेन तुला." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "पण आधी स्कॅन. तू नळीच्या बाहेर उभी राहा आणि बोलत राहा माझ्याशी. काहीही बोल. तुझ्या अणूचं बोललीस तरी चालेल."

पद्मजा चाळीस मिनिटं बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही.

गाठ एकच होती, अकरा मिलिमीटरची. पोटातल्या एका लसिकाग्रंथीत. आजूबाजूला काही नव्हतं.

त्या संध्याकाळी शरावती भेटायला आली. पस्तिशीची, ठेंगणी, हेल्मेटने चपटे झालेले केस. पद्मजाने तिच्याशी बोलायला तोंड उघडलं, पण अक्काने मध्येच कानडीत तिची सगळी चौकशी सुरू केली: गाव कुठलं, आई काय करते, चार-चारदा एकच काम करायची खोड लहानपणापासूनची का. शरावती लाजून हसली. अक्काने तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"मी तुमच्यावर चिडले होते," पद्मजा तिला बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली.

"कळलं होतं की मला. मीपण चिडले होते. तुमचं नाव मोठं, परिषदेत ऐकलेलं. वाटलं, मी कोण यांना सांगणार?"

"मग फोन का केलात परत?"

शरावतीने स्कूटरला किल्ली लावली. "रेघ होती ना मॅडम. रेघ आहे म्हटल्यावर काय करणार?"

पुढच्या आठवड्यात अक्काची गाठ काढली. तिचा तांदळाएवढा तुकडा पुन्हा काट्यावर गेला. या वेळी प्रथिनांसाठी. तुकडा दळायचा, प्रथिनं एका पाचकरसाने कापायची आणि त्या कापांची वजनं करायची. त्यावरून पेशी कुठल्या प्रथिनाच्या जोरावर जगते ते कळतं. अक्काच्या गाठीवर दोन औषधं चालण्यासारखी होती. काट्याने दाखवलं की त्यातल्या पहिल्याचं लक्ष्य असलेलं प्रथिन या गाठीत जवळजवळ नाहीच. ते दिलं असतं तर केस गेले असते, गुण आला नसता. दुसरं सुरू केलं.

सांगलीत एक हजार आठशे चौसष्ट बायकांची कार्डं परत लावायला सव्वीस दिवस लागले. धारवाडच्या केंद्राने त्यातली सहाशे वाटून घेतली. एकोणीस लाल निघाली. सतरा जणींना वेळेत उपचार मिळाले. दोघींना उशीर झाला होता. त्या दोन्ही घरी पद्मजा आणि डॉ. उमराणी स्वतः गेले. एका घरी त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या घरी मुलाने दार लावून घेतलं. पद्मजा त्या बंद दारापुढे थोडा वेळ उभी राहिली. त्या माणसाला तसं करायचा अधिकार होता असं तिला वाटलं, आणि पुढेही वाटत राहिलं.

खिडकीवरची रांग मात्र तुटली नाही. पद्मजा धारवाडहून परतली त्या दिवशी तुंग गावच्या एक बाई तिच्यापुढे बोट धरून म्हणाल्या, "बाई, चुकलं तर सांगता म्हणून येतोय बघा. न सांगणाऱ्याकडं कशाला जायचं?" पद्मजाने त्यांचं बोट पुसून सुई टोचली.

मे महिन्यापासून एक नवीन रीत पडली. प्रत्येक महत्त्वाच्या अहवालावर सहीच्या दोन जागा आल्या. पहिली आपल्या केंद्राची. दुसरी परक्या केंद्राची, ज्यांची वगळयादी वेगळी आहे आणि ज्यांना आपल्या सवयी ठाऊक नाहीत अशांची. ही रीत डॉ. उमराणींनी सुचवली आणि सरकारने उचलली.

ऑक्टोबरात अक्का सांगलीच्या खिडकीवर आली. वजन सहा किलोने उतरलं होतं, पण आवाज होता तसाच.

"धारवाडला दिलं असतंस तरी चाललं असतं," पद्मजा म्हणाली. "महिनाभर होतीस तिथं."

"का? तू काय दुकान बंद केलंयस?" अक्काने बोट पुढे केलं. "टोच. आणि नीट टोच, इम्तियाज बरा टोचतो तुझ्यापेक्षा."

"मी कधी टोचलं तुम्हाला?" इम्तियाज आतून ओरडला.

"म्हणून तर बरा!"

वीस मिनिटांनी आलेख आला. पूर्णांक तेरावर हळदीची रेघ होती, कारण अक्का दोन दिवसांपूर्वीच ड्रमवर परतली होती. पूर्णांक पस्तीसवर आलेख कोरा होता. पद्मजाने तो भाग मोठा करून बघितला, आणखी मोठा करून बघितला. मग दुसरा थेंब लावला. तोही कोरा.

तिने धारवाडला फोन लावला.

"काही नाही," ती म्हणाली. "पस्तीसवर काही नाही."

"किती वेळा लावलं?" शरावतीने विचारलं.

"दोनदा."

"मॅडम..."

"तिसरा चालू आहे. चौथा थेंब तुमच्यासाठी पाकिटात घातलाय, दुपारच्या गाडीनं निघेल."

"मग उद्या संध्याकाळी सांगते." शरावती म्हणाली, "तोवर सही करू नका हं."

"नाही करत."

पद्मजाने अहवालाच्या दोन्ही जागा कोऱ्या ठेवल्या आणि ती बाहेर आली. अक्का बाकावर, बोटाला कापूस धरून बसली होती.

"काय म्हणते पोरगी?"

"उद्या सांगते म्हणाली."

"आणि तू काय म्हणतीस?"

पद्मजा तिच्या शेजारी बसली. "मीपण उद्याच सांगते."

अक्काने तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. जे कळायचं ते तिला कळलं असावं. तिने कापूस टाकून दिला, पदर नीट केला आणि समाधानाने म्हणाली, "बरं झालं. दोघी मिळून सांगा."